विश्रामबागेतला कॉमिक क्लब: एका जुन्या छापखानेवाल्याचं मत

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा जिन्याचा आणि झेरॉक्सचा, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो.

सांगलीत शाळा सुटल्यावर पोरांना कुठं घालायचं याला आता तोटा नाही. स्केटिंग, अबॅकस, कराटे, कीबोर्ड, स्कॉलरशिपचा क्लास, आणि चित्रकलेचे क्लास तर दर दोन गल्ल्यांआड. चित्रकलेच्या क्लासात पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला: एलिमेंट्री-इंटरमीजिएटची तयारी करून घेता का? या क्लबात तो प्रश्न घेऊन कुणी आलं की क्लब चालवणाऱ्या ताई सरळ सांगतात, त्यासाठी दुसरीकडं जा, इथं ते होत नाही. मला तिथंच बाई आवडली. इथं मुलं स्वतःचं कॉमिक करतात. गोष्ट त्यांची, चित्रं त्यांची, फुग्यातले शब्द त्यांचे, कागदाची घडी त्यांची आणि शेवटी विकायचंही त्यांनीच.

माझा नातू सहावीत आहे. त्याचे आईवडील दोघंही नोकरीला, म्हणून सोडणं-आणणं माझ्याकडं. गावभागात माझा छापखाना होता. आधी ट्रेडल मशीन, मग ऑफसेट. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं यात जन्म गेला. त्यामुळं आत कागद कापल्याचा आवाज येत असताना बाहेर बाकावर गप्प बसणं माझ्याच्यानं होईना. ताईंनी सुरुवातीला 'काका, पालकांनी बाहेर' असं बजावलं. मग एकदा कागद कापायला हात कमी पडले तसं आत बोलावलं. म्हणून हा अभिप्राय आतून बघून लिहिलेला आहे.

जागा शंभर फुटी रोडला आतल्या बाजूला, एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर. पाटी नाही. मुलं 'कॉमिक क्लब' म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगतात, तो बरोबर आणून सोडतो. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा. महिन्याला ९०० रुपये, कागद-पेन त्यातच. ज्यांना हे जास्त वाटतं त्यांनी बाजारात काळ्या वॉटरप्रूफ पेनची किंमत एकदा विचारून यावी. पोरं ती पेनं कशी दाबून वापरतात तेही बघावं.

पहिल्या महिन्यात रंग नाहीत. खडू नाही, स्केचपेन नाही, काही नाही. एक ए-फोर कागद देतात आणि त्याच्या तीन घड्या घालायला लावतात. उघडला की आठ खण. मधल्या आडव्या घडीवर मधल्या दोन खणांपुरती कात्री मारायची, कागद आडवा दुमडून दोन्ही टोकं आत ढकलायची, की आठ पानांची पुस्तिका हातात येते. पिन नाही, गोंद नाही. मुखपृष्ठ, आत सहा पानं आणि मलपृष्ठ. मग ताई म्हणतात, पेन्सिलीनं पानांवर आकडे घाला आणि पुन्हा उघडा. उघडल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात, कारण एक ओळ सुलटी आणि दुसरी ओळ चक्क उलटी. 'ताई, माझं चुकलं' म्हणून निम्मा वर्ग हात वर करतो. चुकलेलं काही नसतं. एका कागदावर छापायच्या पानांचा संच, म्हणजे फर्मा, असाच लावतात! आमच्याकडं नवीन पोरगा कामाला आला की पानं लावायला शिकेपर्यंत कितीतरी कागद वाया घालवायचा. इथं दहा वर्षांची पोरगी तासाभरात शिकते आणि शेजारच्याला शिकवते. मी त्या दिवशी घरी येऊन सुनेला म्हणालो, फी वसूल झाली.

दुसरा नियम: आधी शब्द लिहायचे, मग त्याभोवती फुगा काढायचा. पोरं नेमकं उलटं करतात. सुंदर गोल फुगा काढून ठेवतात आणि मग 'अरे थांब, तिकडं जाऊ नकोस' हे वाक्य त्यात कोंबतात. शेवटचा 'नकोस' चिरडून फुग्याच्या कडेवर चढतो. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या-रफार आणि खाली उकार. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणारा थांबतो. हे मला छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवताना कळलं होतं, ताईंना मुलांच्या वह्या बघून कळलं असावं. त्या ओळीओळींत पट्टीनं फिकट रेघा मारायला लावतात, दोन ओळींत चांगली जागा सोडून. शिवाय जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडं आणि त्याचा फुगा वर. ही एवढी गोष्ट पाळली नाही तर उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न नंतर. पोरांच्या पहिल्या कॉमिकात हे हमखास होतं, आणि मोठ्यानं वाचलं की वर्ग हसून लोळतो.

तिसरी गोष्ट मला स्वतःला नवीन होती. पुस्तिकेत पान उलटायच्या जागा ठरलेल्या असतात: मुखपृष्ठानंतर, तिसऱ्यानंतर, पाचव्यानंतर, सातव्यानंतर. दचकवायचं असेल, हसवायचं असेल, तर ते चित्र पान उलटल्यावर आलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या किंवा आठव्या पानावर. समोरासमोरच्या पानावर ठेवलं तर वाचणाऱ्याची नजर आधीच तिकडं जाते आणि गंमत मरते. आयुष्यभर पानं छापली, पण पानावर काय घडतंय इकडं कधी लक्षच नव्हतं. आमचं लक्ष शाईवर.

आता नातवाचं कॉमिक. कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला सांगायला नको, भिलवडी-औदुंबरकडं किंवा हरिपुरात मगर दिसल्याची बातमी अधूनमधून असतेच. याच्या गोष्टीत आयर्विन पुलाखाली राहणाऱ्या मगरीला घरपट्टीची नोटीस येते. ती नोटीस तोंडात धरून रिक्षानं ऑफिसात जाते. रांगेतली माणसं पळून जातात, त्यामुळं तिचा नंबर लगेच लागतो. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणतो, 'आधारची झेरॉक्स दोन कॉपी.' शेवटपर्यंत तो मान वर करत नाही. हे सगळं त्याचं आहे, मी एक शब्द सुचवलेला नाही. खरं तर सुचवायला गेलो होतो, तेव्हा 'आबा, तुम्ही मधे बोलू नका' असं ऐकून घ्यावं लागलं.

क्लबाची खरी करामत याच्या पुढं आहे. कच्चं कॉमिक झालं की ते अशा मुलाच्या हातात देतात ज्यानं ते आधी बघितलेलं नाही. तो मोठ्यानं वाचतो. लेखकानं शेजारी बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. समजावून सांगायला परवानगी नाही, खुणा करायच्या नाहीत, नुसतं कुठं अडखळतोय ते वहीत लिहून घ्यायचं. नातवाचं कॉमिक वाचणाऱ्या पोरानं पहिल्याच पानावर विचारलं, 'ही पाल आहे का?' कारण मगरीशेजारी मापाला काहीच नव्हतं, नुसती मगर आणि पांढरा कागद. नातू लाल झाला, ओठ चावत बसला, पण बोलला नाही. पुढच्या वेळी त्यानं रिक्षाची चौकट नव्यानं काढली: मागच्या सीटवर मगर, एका बाजूनं शेपूट बाहेर आणि रस्त्यावरचा सायकलवाला त्या शेपटीखालून वाकून चाललाय. पाल म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. शाळेत निबंधावर लाल पेननं 'अधिक स्पष्ट लिही' असा शेरा मिळतो, आणि पोराला शेवटपर्यंत कळत नाही की कुठं आणि कशासाठी. इथं समोर वाचक बसलेला असतो.

सांगलीवाडीच्या एका मुलीचं कॉमिक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती सातवीत आहे, म्हणजे २०१९ च्या पुरात अगदीच लहान. आजीला विचारून विचारून तिनं केलंय. ए-थ्री कागदावर आठ चौकटी, आठही चौकटींत एकच खोली, एकाच जागेवरून बघितलेली. खाट, टीव्ही, फडताळ, भिंतीवरचं कॅलेंडर, वर पंखा. शब्द एकही नाही. प्रत्येक चौकटीखाली फक्त आकडा: ३८, ४०, ४३, ४५, ४९, ५३, ५५, ५७. बाहेरगावच्या माणसाला काही कळणार नाही, सांगलीकराच्या अंगावर काटा येतो. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी, फुटांत. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि त्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. चौथ्या चौकटीत आजी लोणच्याची बरणी काखोटीला मारून दाराबाहेर पडते, त्यानंतर खोलीत माणूसच नाही. खाट जाते, टीव्ही जातो, कॅलेंडरचा खालचा भाग जातो. शेवटी पंख्याची पाती आणि पाणी. माणूस निघून गेल्यावरही खोली दाखवत राहायचं हे त्या पोरीचं तिला सुचलं. ताईंनी फक्त एक सांगितलं होतं, की प्रत्येक चौकट नव्यानं काढत बसू नकोस, काचेवर खालून दिवा लावून छाप, म्हणजे खाट हलणार नाही. छापखान्यात आमचं फिल्म जुळवायचं टेबल असंच असायचं, काचेखाली ट्यूबलाइट.

सगळंच काही असं उंचीचं नसतं, हेही सांगायला हवं. नवीन आलेली बहुतेक पोरं टीव्हीवरची जपानी पात्रं काढतात, तेच टोकदार केस, तेच मोठे डोळे. ताई अडवत नाहीत. फक्त एक अट घालतात: तुझा हिरो काढ, पण तो आत्ता सांगली एसटी स्टँडवर उभा आहे आणि त्याच्याकडं सुट्टे पैसे नाहीत. इथून पुढं नक्कल चालत नाही, कारण मूळ मालिकेत सुट्ट्या पैशांचं काहीच नसतं. काही पोरं यातून सुटतात, काही तिथंच अडकून मारामारीच काढत राहतात. एका पालकानं मोबाईलवरच्या एआयकडून आख्खं कॉमिक करून आणलं, रंगीत, चकचकीत. ताईंनी तेही वाचायला दिलं, इतरांसारखंच. तिसऱ्या चौकटीपर्यंत पोरांनी ओरडून सांगितलं की मुलीच्या फ्रॉकचा रंग बदललाय आणि कुत्र्याचा पट्टा गायब झालाय. वडील हसले, पण जरा ओशाळलेच.

मुलांकडून शाळेनंतर कॉमिक करून घ्यायची कल्पना ताईंनी शोधलेली नाही, आणि तसं त्या म्हणतही नाहीत. न्यूयॉर्कमध्ये मायकल बिट्झ नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात असताना २००१ मध्ये 'कॉमिक बुक प्रोजेक्ट' सुरू केला. शाळा सुटल्यावर थांबणारी मुलं स्वतःच्या आयुष्यातल्या गोष्टी लिहून, रेखाटून त्यांचं कॉमिक करायची. लिहा-वाचायला कंटाळणारी पोरं त्या वाटेनं लिहिती होतात, हा त्यामागचा विचार. आपल्याकडं शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियानं गावोगावच्या माणसांकडून चार चौकटींची भित्तिकॉमिक्स करून घेतली: दोन ए-फोर कागद जोडायचे, काळ्या शाईनं काढायचं, झेरॉक्स मारून गावात भिंतीवर चिकटवायचं. क्लबात तिसऱ्या महिन्यात हाच प्रकार करून घेतात. एका पोरानं आपल्या गल्लीतल्या कचऱ्यावर काढलेलं चार चौकटींचं कॉमिक कोपऱ्यावरच्या दुकानाच्या शटरवर लावलं, तर दुकानदारानं ते काढलं नाही. उलट आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागला.

इथं माझी एक तक्रार. क्लबातल्या कपाटात इंग्रजी सुपरहिरो आहेत, जपानी पुस्तकं आहेत, पण आपल्या भागातलं काहीही नाही. शं. वा. किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढणारे संपादक. १९२० साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती किर्लोस्करवाडीहून, म्हणजे आपल्या मिरज-पुणे लाइनवर भिलवडीच्या पुढचं स्टेशन. तिथल्या छापखान्यातून निघालेलं मासिक महाराष्ट्रभर गेलं, आणि आपल्याच पोरांना ते नाव माहीत नाही. कारखान्याचं गाव म्हणून माहीत आहे, बास. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं संग्रहालय तर दिवसभरात जाऊन येण्यासारखं. तिथल्या राजानं स्वतः कुंचला हातात घेऊन रामायणाचे प्रसंग रंगवले, हे पोरांनी बघायला नको का? मी ताईंना दोनदा बोललो. सहलीचं बघू म्हणाल्यात. बघू म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे.

झेरॉक्सची तक्रार मोठी आहे. क्लबचं काम ज्या दुकानात जातं तिथं मशीन जुनं आहे, त्याला क्लब काय करणार? पण मुलांना दोन गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. एक, झेरॉक्स कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, चहूबाजूंनी थोडी जागा सोडते. मग कडेला लिहिलेला शब्द अर्धा कापला जातो. पहिल्या अंकात बऱ्याच पोरांचं शेवटचं वाक्य असंच गेलं. दोन, पेन्सिलीच्या छटा. मुलं मेहनतीनं बोटानं घासून आभाळ करतात आणि झेरॉक्समध्ये त्या आभाळाचा काळा चिखल होतो. रेघांनीच सावली करा, नाहीतर पांढरं सोडा. आम्ही छापखान्यात खुणा निळ्या पेन्सिलीनं करायचो, कारण निगेटिव्ह काढताना फिल्मवर फिकट निळं येतच नसे. जुनी झेरॉक्स मशीनंही बऱ्याचदा फिकट निळं सोडून देतात. मी एक निळ्या पेन्सिलींचा डबा नेऊन दिला तेव्हापासून कच्चं रेखाटन निळ्यात आणि पक्कं काळ्यात, असं चाललंय. खोडरबराचा चुरा पण कमी झाला. आता दुसरा अंक पहिल्यापेक्षा पुष्कळ स्वच्छ आलाय, हे मान्य करतो.

जिना अरुंद, दिवा कधी असतो कधी नसतो, कठडा एकाच बाजूला. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी खालीच थांबावं. गाडी लावायला जागा नाही, साडेसहाला गल्लीत दुचाक्यांची कोंडी होते आणि शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ बाल्कनीत येऊन उभे राहतात. वयाचाही घोळ आहे. आठ वर्षांची आणि चौदा वर्षांची पोरं एकाच टेबलावर. मोठी पोरं चांगली पेनं आधी उचलतात, लहानांना उरलेली बोथट. दोन बॅच केल्या तर बरं, पण जागेचं भाडं बघता लगेच होईल असं वाटत नाही.

टॅबलेटवर शिकवत नाहीत, याबद्दल बरेच पालक नाराज आहेत. मी नाही. तीन घड्या, एक कात्री आणि एक काळं पेन एवढ्यावर काम होत असेल तर त्यात आणखी चार्जर कशाला?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रकाशन. हार-तुरे नाहीत, पाहुणे नाहीत, भडंग आणि सरबत असतं. एका ए-फोरची झेरॉक्स दोन रुपयांत होते, पुस्तिकेची किंमत दहा रुपये. नियम असा की निदान पाच प्रती नात्याबाहेर विकायच्या. आई, बाबा, आत्या, मामा यांचं गिऱ्हाईक मोजलं जात नाही. मी खिशात शंभराची नोट घेऊन गेलो होतो, ती तशीच परत आली. हा नियम कडक आहे आणि लाजाळू पोरांना जड जातो; एक मुलगा रडलेला मी बघितलाय. ताईंनी त्याला एका मोठ्या मुलीबरोबर जोडून दिलं, ती बोलायची, तो सुट्टे द्यायचा. पुढच्या महिन्यात तोच एकटा राममंदिर चौकापर्यंत जाऊन आला.

नातवानं पहिली प्रत विकली ती कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याला. त्या माणसानं गिऱ्हाईक थांबवून, चरक बंद करून, उभ्याउभ्या आठही पानं वाचली. कारकुनाच्या चित्राला हसला. मग मलपृष्ठ उलटून बघितलं, पुन्हा आत बघितलं आणि विचारलं, 'आन् मगरीनं घरपट्टी भरली का न्हाई?'

नातू घरी येईपर्यंत बोलला नाही. रात्री जेवण झाल्यावर नवा कागद घेऊन तीन घड्या घातल्या. दुसऱ्या आवृत्तीत मगर घरपट्टी भरते, पण पावती पाण्यात भिजते, म्हणून तिला पुन्हा रांगेत जावं लागतं. रसवंतीवाल्यानं तीही दहा रुपये देऊनच घेतली.

नवीन बॅच जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर. वीसच मुलं घेतात आणि मे महिन्यातच यादी भरते, तेव्हा सुट्टीत गावाला जायच्या आधी जाऊन नाव घालून या. पाटी नाही हे सांगितलंच आहे. खाली पांढऱ्या चाफ्याचं झाड आणि साडेचारपासून फाटकाला लटकलेली पोरं दिसली की तोच बंगला.